ऑलिफंट रस्त्यापलीकडे एक ताटली

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

एल्रिको,

मागची माझी दोन पत्रं तू तुरुंगातून न फोडताच परत पाठवलीस, त्याला आता पाच वर्षं झाली. हेही परत पाठवायचं असेल तर पाठव, पण आधी वाच. यात माझ्याबद्दल काही नाही. तुझ्या पोराबद्दल आहे.

भाषण करणार नाही, घाबरू नकोस. शिवणकारखान्यात अकरा वर्षं युनियनची प्रतिनिधी म्हणून टेबलावर उभी राहून बोलले. तू म्हणायचास, मम्मी बटाटे सोलतानासुद्धा टेबलावरूनच बोलते. आता गुडघे टेबलावर चढू देत नाहीत.

ताश्विल मेमध्ये चौदाचा होईल. गेल्या मंगळवारी तो शाळेतून आला तो नवे बूट घालून. पांढरेशुभ्र. आपल्या ब्लॉकच्या आवारात एवढी पांढरी दुसरी वस्तू नाही, दोऱ्यांवर वाळणारी चादरसुद्धा नाही. कुणी दिले, मी विचारलं. म्हणाला, अंकल डेरिकनं. का दिले? तर म्हणाला, "माझे फाटले होते ते त्यानं पाहिलं."

मी म्हटलं, मीही पाहिलं होतं.

"हो मा. तू गोंद लावलास."

उद्धटपणे नाही म्हणाला. हिशेब सांगावा तसं सांगितलं आणि पाव खायला बसला. मी गोंदाची बाटली उचलून ठेवली.

दुसऱ्या दिवशी डेरिक स्वतः फाटकाशी आला. टोपी काढून उभा राहिला. मी म्हटलं, बूट परत घेऊन जा. तो म्हणाला, "सोफी आंटी, बूटच तर आहेत. आपल्याच घरचं पोर आहे. एल्रिकोची जागा अजून रिकामी ठेवलीय आम्ही. ती काय परक्याला देणार?" मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. आपल्या रस्त्यावर माझ्याशी इतक्या आदबीनं बोलणारा दुसरा माणूस उरलेला नाही, हे लिहायची मला लाज वाटते, पण खरं आहे.

बूट अजून घरात आहेत. काढून घेतले तर पोर त्यांच्या मागे जाईल, आणि ठेवले तर तेच पोराच्या मागे येतील.

मला फक्त एवढं सांग: तुला डेरिकच्या टोळीनं पहिल्यांदा काय दिलं होतं? त्यानंतर काय? ताश्विलच्या बाबतीत किती वेळ उरलाय, ते मला मोजता आलं पाहिजे. लोक विचारतात तेव्हा मी सांगते की तू वाईट संगतीनं गेलास. सगळ्याच आया तसं सांगतात.

— तुझी आई


रविवार, २५ फेब्रुवारी

एल्रिको,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही. रोज पोस्टाच्या पेटीत बघते आणि ती रिकामी दिसली की बरं वाटतं. या वयात माणूस कशावर समाधान मानतो बघ.

बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये सभा होती. विषय, मुलं टोळ्यांत का जातात. समाजकल्याण खात्यातून एक तरुण मुलगी आली होती. तिनं फळ्यावर कारणं लिहिली: गरिबी, बेकारी, घरात वडील नसणं, दारू. अक्षर छान होतं. मग लोकांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलं आणि मी नेहमीप्रमाणे उठले.

मी म्हटलं, फळ्यावरची कारणं खरी आहेत, पण कुणाच्या दारावर गरिबी येऊन टकटक करत नाही. टकटक करतो तो माणूस असतो. तो पोराला विचारतो, जेवलास का? तो पोराचं नाव लक्षात ठेवतो. सरकारच्या रजिस्टरात आपल्या पोरांची नावं दोन वेळा येतात, एकदा जन्मल्यावर, एकदा पकडल्यावर. मधली सगळी वर्षं डेरिककडे रजिस्टर आहे. ज्या पोराला रोज रस्ता ओलांडून शाळेत जायचंय आणि ज्याच्याबरोबर चालायला कुणी नाही, ते पोर संरक्षण विकत घेणारच, आणि त्याच्याकडे देण्यासारखं स्वतःशिवाय काय असतं?

चांगलं झालं भाषण. टाळ्या पडल्या. मग मागून डोरीन उठली. तळमजल्यावरची डोरीन, कबुतरवाल्या हेक्टरची बायको. ती म्हणाली, "सोफी, तू छान बोलतेस. आठ वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये छान बोलली होतीस."

कुणी हसलं नाही. मी खाली बसले.

त्या दिवशी मी काय बोलले होते ते तुला मी सांगायला नको. पण मी ते कधी लिहून पाहिलेलं नाही, म्हणून लिहिते. शाळेच्या फाटकाशी त्या लहान मुलीला गोळी लागली होती आणि हॉल भरला होता. मी म्हटलं, "आजपासून माझ्या घरी मुलगा नाही. ज्यांच्या घरी असा मुलगा आहे, त्यांनीही त्याला असंच बाहेर काढावं." लोक उभे राहिले. तू दाराशी होतास. जाकीट पावसानं भिजलेलं होतं. तू कशाला आला होतास, ते मी आजवर विचारलं नाही. त्याच आठवड्यात तू कपडे घेऊन डेरिककडे राहायला गेलास, आणि माझं वाक्य मात्र पुढे वर्षभर लोक एकमेकांना ऐकवत राहिले. कुणी आपला मुलगा बाहेर काढला का, ते मला माहीत नाही. त्यानं कुणाचा मुलगा वाचला, असं तर एकही घर मला माहीत नाही.

सभेनंतर डोरीननं मला एक पिवळं जाकीट दिलं. ती आणि तिच्यासारख्या दहा बायका सकाळी मुलांना घोळक्यानं शाळेत पोचवतात. म्हणाली, बोलणारे खूप झालेत, चालणारी माणसं कमी पडतात. दुसऱ्या दिवसापासून मी चालतेय. गुडघे रात्रभर शिव्या देतात.

चालताना एक गोष्ट दिसली. प्रत्येक कोपऱ्यावर उभं असलेलं टोळीचं पोर आमच्यातल्या प्रत्येक मुलाला नावानं हाक मारतं. आम्ही बायकाच विचारत होतो, हा कुणाचा गं?

— आई


मंगळवार, १२ मार्च

एल्रिको,

आजपासून रोजे सुरू झाले. आपल्या बाजूला आता तीनच मुस्लीम घरं उरलीत, तरी सूर्य खाली गेला की जिन्यात तळणाचा वास येतो. मी फडताळ उघडलं. ती ताटली अजून तिथेच आहे. हिरव्या काठाची, रस्त्यापलीकडच्या वासीला आंटीची.

मी पहिल्या पत्रात लिहिलं की तू वाईट संगतीनं गेलास असं मी सांगते. आज खरं लिहिते. तुला माहीतच आहे, पण मला ते माहीत आहे हे तुला माहीत नाही.

२००९ साल. तू पंधराचा. त्या वर्षी रोजे ऑगस्टात, आपल्या हिवाळ्याच्या शेवटी आले होते. तुझ्या लहानपणापासून रोज संध्याकाळी वासीलाकडून झाकलेली ताटली यायची, कधी मिरचीची भजी, कधी भोपळ्याचे घारगे, आणि दुसऱ्या दिवशी माझे जॅम-खोबऱ्याचे टार्ट त्याच ताटलीतून तिच्याकडे जायचे. ताटल्या नेहमी मुलांनीच न्यायच्या. पलीकडच्या त्यांच्या आणि अलीकडच्या आपल्या घरामध्ये फक्त ऑलिफंट रस्ता. मग त्या जूनमध्ये त्या रस्त्यावर गोळ्या लागून दोन माणसं पडली आणि डेरिकच्या आणि पलीकडच्या पोरांनी रस्त्याची रेघ केली. इकडचं तिकडे जायचं नाही.

त्या दिवशी वासीलानं तरीही ताटली पाठवली होती, शाळा सुटताना, तिच्या धाकटीच्या हातून. भरलेली. आणि भरलेली आलेली ताटली आपल्यात रिकामी परत जात नाही, घरात ठेवूनही घेत नाहीत. मी टार्ट भाजले.

तू म्हणालास, "मम्मी, आज नको. ते उभे आहेत तिथे."

मी म्हटलं, रस्ता नगरपालिकेचा आहे. मी कुणाची रेघ मानत नाही.

बघ, मानत मी नव्हते. चालायचं तुला होतं. मी स्वतः का गेले नाही? सात वाजता सभा होती. मी टेबलाशी बसून मुद्दे काढत होते. विषय होता भीती. गुंडांच्या भीतीनं आपण आपल्या चालीरीती सोडायच्या का, असं मी लिहीत होते, आणि माझा पुरावा मी तुझ्या हातात देऊन पाठवला.

तू चाळीस मिनिटांनी आलास. ओठ फाटलेला, एक डोळा बंद, एका कुशीवर वाकलेला. ताटली छातीशी धरलेली. टार्ट नव्हते. तुझं पहिलं वाक्य होतं, "मम्मी, ताटली फुटली नाही."

मी तुझ्या हातातून ती घेतली आणि नळाखाली धुतली. आधी ताटली धुतली, एल्रिको. मग तुझ्याकडे पाहिलं.

आणि सात वाजता मी सभेला गेले. जावं लागेल, लोक वाट बघताहेत, शेजारची बघेल तुला, असं म्हणून गेले. तिथे मी एका मुलाबद्दल बोलले, नाव न घेता, ताटली घेऊन निघालेल्या. बायका रडल्या. परत आले तर तू घरी नव्हतास. तुला जिन्यात बसलेलं पाहून डेरिक त्याच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला होता. तीन बरगड्या मोडल्या होत्या. त्यानं तुला वाटेत मटण-चिप्सचा पाव खाऊ घातला, तो तुला चावता येईना म्हणून बारीक तुकडे करून दिला. हे तू मला त्या रात्री सांगितलंस, आणि मी म्हटलं, त्या माणसाकडून काही घेत जाऊ नकोस.

तर तुला पहिल्यांदा काय दिलं होतं, हे मी तुला उगाच विचारलं. मला माहीत होतं.

— आई


रविवार, २४ मार्च, झावळ्यांचा रविवार

एल्रिको,

चर्चमधून झावळीचा क्रूस आणलाय. पाकिटात घातला तर तुमच्याकडचे काढून घेतील, म्हणून घातला नाही.

गुरुवारी मी ताटली परत दिली.

आधी डोरीनला सांगितलं की मी एकटीच जाते. ती म्हणाली, "पुन्हा तेच. तुला एकटीला शूर व्हायचंय. चालायचं तर सगळ्यांनी चालायचं." मग आम्ही बारा बायका निघालो, पिवळी जाकिटं घालून, प्रत्येकीच्या हातात फॉइलनं झाकलेली ताटली. एकही मूल बरोबर घेतलं नाही. ताश्विल हेक्टरबरोबर ब्लॉकच्या गच्चीवरून बघत होता. हेक्टर त्याला कबुतरांचं शिकवतोय, खुराडी साफ करायला लावतो. तिथे जाताना पोर पांढरे बूट काढून ठेवतं आणि गोंदवाले घालतं. पांढरे खराब होतील म्हणून. तेवढे दोन तास तरी त्याच्या पायात ते बूट नसतात.

सूर्य खाली जायला थोडा वेळ होता. वारा इतका सुटला होता की फॉइल दोन्ही हातांनी दाबून धरावी लागत होती. रस्त्याच्या मधोमध पलीकडचं एक पोर पुढे आलं. सतराचं असेल. आधी आमच्याकडे बघितलं, मग ताटल्यांकडे. म्हणालं, "आंटी, काय आहे?"

डोरीन म्हणाली, टार्ट.

"माझ्यासाठी नाहीत?"

"तुझ्या आईला पाठवायला सांग काहीतरी. जिथून ताटली येत नाही, तिथे आम्ही पाठवत नाही."

ते हसलं. बाजूला झालं. एवढंच झालं, पुढे काही झालं नाही. पंधरा वर्षं त्या रस्त्याला मी शब्दांनी मारत राहिले आणि तो ओलांडायला सत्तर पावलं लागतात. दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला, दोन गल्ल्या सोडून. आम्ही काही बदललं, असं मी म्हणत नाही. शनिवारी मात्र पलीकडून सात बायका ताटल्या घेऊन आल्या.

वासीला आता वॉकर धरून चालते. दार उघडलं, ताटली पाहिली, काठावर बोट फिरवलं. म्हणाली, "पंधरा वर्षं लावलीस, सोफी. टार्ट गार झाले असतील."

आम्ही दोघी दारातच हसलो आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तिनं मला आत बसवलं. ती म्हणाली की त्या दिवशी ती खिडकीत होती. तुला तिच्या फाटकाशी मारताना तिनं पाहिलं. दार उघडलं नाही. मारणाऱ्यांत तिचा मुलगा इग्शान होता. त्याला पुरून आता नऊ वर्षं झाली. "मला वाटलं दार उघडलं तर त्याला दिसेल की मी पाहिलं," असं ती म्हणाली.

मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं, आणि ताश्विलबद्दल.

आता कामाचं लिहिते. डेरिक पुन्हा आला होता. वाढदिवसाला पोराला एक पिशवी सांभाळायला देणार म्हणतो, फक्त सांभाळायला, एक दिवस. तुझी जागा तो पोराला वारशानं देतोय. वारसा मोडायचा तर ज्याची जागा आहे त्यानंच मोडावा लागतो, त्यांचा कायदा तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तू आतून निरोप पाठव: माझी जागा माझ्याबरोबर संपली, माझ्या पोराला हात लावायचा नाही. एक शब्द, एल्रिको. मी तुझ्याकडे काही मागण्याचा हक्क त्या नळाखाली घालवला, तरी मागते.

— आई


शुक्रवार, १२ एप्रिल

एल्रिको,

बुधवारी ईद होती. दुपारी डेरिक आला. या वेळी टोपी काढली नाही.

म्हणाला, "आंटी, बूट."

मी ताश्विलला हाक मारली. त्याच्या पायातच होते. डेरिकनं त्याला सांगितलं, तुझ्या डॅडीनं निरोप पाठवलाय, मोठा माणूस झालाय तो आत. बघू किती दिवस राहतो मोठा. पोरानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसून नाड्या सोडल्या, हळूहळू, दोन्ही. डेरिक बूट काखेत मारून गेला. ताश्विल अनवाणी उभा होता. विचारलं, "मा, डॅडीला मी आठवतो?"

मी हो म्हटलं. एवढ्या लहान शब्दाला मला आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ लागला.

काल तुरुंगाच्या पाद्र्यांचा फोन आला. उजव्या हाताची हाडं मोडलीत, जबडा तारेनं बांधलाय, महिना तरी दवाखान्याच्या खोलीत राहशील, असं ते म्हणाले. जिवाला धोका नाही, असंही म्हणाले. त्यांनी विचारलं, कारण काय असेल, तुम्हाला काही कल्पना आहे का?

होती. त्यांना नाही म्हटलं, तुला खोटं सांगत नाही. मी एक शब्द असं लिहिलं, तेव्हा तो शब्द आत काय किमतीला पडतो ते मला माहीत होतं. वासीलानं मला तिच्या घरी बसून विचारलं होतं, "आणि त्याचं काय होईल?" मी म्हटलं, एक शब्द तर आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घारगा पुढे केला. मी तो खाल्ला. नातवासाठी मुलगा मोजून दिला मी. पुन्हा तुलाच पलीकडे पाठवलं, आणि पुन्हा मी टेबलाशी बसून लिहीत होते.

माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यावी लागेल, आणि तू आधीच खूप दिलंयस.

पाद्र्यांनी सांगितलं की तुला बोलता येत नाही, पण तू कागदावर डाव्या हातानं एक ओळ लिहून दिलीस, आईला वाचून दाखवा म्हणून. त्यांना त्याचा अर्थ लागला नव्हता. मी त्यांना तीनदा वाचायला लावली.

"मम्मी, ताटली पोचली."

म्हणजे तू पत्रं वाचलीस. सगळी.

ताश्विल आज सकाळी आमच्या घोळक्याबरोबर शाळेत गेला, गोंदवाल्या बुटांत. डावा पुन्हा सुटलाय. हेक्टर म्हणाला, शिवून देतो, गोंदानं काय होतं. मी पोराला पुढे लहान मुलांबरोबर चालायला सांगितलं, तर म्हणाला, नको, मी मागे तुझ्याबरोबर चालतो, तू हळू चालतेस. कोपऱ्यावरच्या पोरानं त्याला नावानं हाक मारली. आमच्या बायकांपैकी तिघींनी एकदमच ओ दिली. कोपऱ्यावरचा पोरगा गोंधळून मागे सरकला.

उद्या भेटीचा शनिवार आहे. मी रांगेत असेन. खोलीत येऊ देणार नाहीत कदाचित, कदाचित तूच नाही म्हणशील. तरी संध्याकाळपर्यंत फाटकाशी बसेन. बोलायला येत नाहीये, तसंही तुझा जबडा बांधलेला आहे आणि माझाही बांधायला हवा होता.

या वेळी मी कुणाला पाठवत नाही. स्वतः येते.

— आई